पैसा जनतेचा, अहवाल कोणाच्या भाषेत?

२०२४ या एकाच वर्षात केंद्र शासनाने हवामानाच्या संदर्भात दोन निर्णय घेतले. मार्चच्या सुमारास देशातील १९९ जिल्हा कृषी-हवामान केंद्रे बंद करण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘मिशन मौसम’ या योजनेला दोन वर्षांसाठी २,००० कोटी रुपये मंजूर झाले. दुसऱ्या निर्णयाचे स्वागत झाले. पहिल्याची दखल संबंधित मंडळींखेरीज फारशी कोणी घेतली नाही. आमचे म्हणणे असे की, हे दोन निर्णय शेजारी ठेवूनच वाचले पाहिजेत. हवामान बदलाला तोंड देण्यासाठी या देशात सार्वजनिक पैशाने जे संशोधन चालते त्यामागची दृष्टी या दोहोंतून जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती कोणत्याही शासकीय अहवालाच्या प्रस्तावनेत दिसत नाही.

बंद झालेली केंद्रे म्हणजे काही मोठ्या वास्तू नव्हत. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात बसणारा एक विषयतज्ज्ञ आणि एक निरीक्षक, एवढाच त्यांचा संसार. हवामान खात्याकडून आलेला पुढील काही दिवसांचा अंदाज घ्यावयाचा, आपल्या जिल्ह्यातील पिके कोणत्या अवस्थेत आहेत ते पाहावयाचे, आणि फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे, काढलेला भुईमूग उघड्यावर ठेवावा की झाकावा, हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत कळवावयाचे. हे काम आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी होत असे. २०१८ नंतर उभी राहिलेली ही व्यवस्था सहा वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास मोडली. तिच्या आधीपासूनची १३० विभागीय केंद्रे तेवढी राहिली. पण त्यांतील एकेका केंद्राकडे अनेक जिल्हे. असा सल्ला आता यंत्रही तयार करू शकते, हा युक्तिवाद त्या वेळी करण्यात आल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते.

येथे एक गैरसमज आधीच दूर करतो. ‘मिशन मौसम’ला आमचा विरोध नाही. रडारांचे जाळे वाढले पाहिजे, संगणकांची शक्ती वाढली पाहिजे, ढगांचा अभ्यास करण्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत प्रयोगशाळा उभी राहत असेल तर ती अवश्य राहावी. पावसाची वेळ आणि जागा नेमकी सांगता येणे ही चैन नव्हे. आमचा आक्षेप रडारावरील खर्चाला नाही. रडाराने पाहिलेले शेवटच्या माणसाला त्याच्या भाषेत सांगणारा दुवा हा खर्च मानला गेला आणि रडार ही गुंतवणूक मानली गेली, या हिशेबाला आमचा आक्षेप आहे. विहीर खणण्यास पैसा आहे, पण पोहऱ्याचा दोर मात्र अनावश्यक, असा हा हिशेब आहे.

हा प्रश्न दूरच्या कोणाचा नाही. ज्या गावांतून हे त्रैमासिक वाचले जाते त्यांचीच गेल्या काही वर्षांची नोंद पाहावी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा खोऱ्यातील महापुराने सांगली-कोल्हापूरबरोबर बेळगाव जिल्ह्याला झोडपले. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. जुलै २०२१ मध्ये गोव्यात सत्तरी आणि डिचोली भागांत पूर आला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्यात घरांत शिरले. या प्रत्येक आपत्तीत तापत्या हवेचा वाटा किती, धरणातून सोडलेल्या पाण्याचा किती, आणि नदीच्या पात्रात माणसाने घुसवलेल्या बांधकामाचा किती, हे वेगवेगळे करून सांगणे शास्त्राचे काम आहे. ते काम कोठे ना कोठे होतही असते. पण ज्याच्या घरात पाणी शिरले त्याने ते उत्तर कोठे वाचावे? ज्याच्याकडून त्या संशोधनाचा पैसा घेतला, त्यालाच त्याचा निष्कर्ष ऐकीव बातमीतून कळावा, ही स्थिती लोकशाहीला शोभणारी नाही.

पैसा किती, हेही पाहू. ३० जून २००८ रोजी राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखडा जाहीर झाला. त्यात आठ अभियाने होती, आणि त्यांतील एक अभियान तर केवळ हवामान बदलाविषयीचे ज्ञान वाढविण्यासाठीच होते. २०११ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने हवामानास तोंड देऊ शकेल अशा शेतीसाठी ‘निक्रा’ हा प्रकल्प हाती घेतला. प्रारंभीची तरतूद ३५० कोटी रुपयांची. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान निर्माण झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचा संकल्प सांगण्यात आला, आणि त्यांपैकी ३६,००० कोटी शासनाबाहेरून येतील असे गृहीत धरले गेले. जुलै २०२५ मध्ये एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजनेस मान्यता मिळाली. ती मुख्यतः खासगी उद्योगांना अल्प व्याजाने किंवा बिनव्याजी दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यासाठी आहे, आणि तिच्या विषयांत ऊर्जा-संक्रमण व हवामान-कृती यांचाही समावेश आहे. २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्केच खर्च संशोधनावर करणाऱ्या देशाने हात सैल सोडला, याचा आनंदच आहे. पण या सर्व योजनांमध्ये, निघालेले ज्ञान लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत गेलेच पाहिजे, न गेल्यास शेवटचा हप्ता मिळणार नाही, अशी अट ठळकपणे कोठे दिसते का? संशोधकाने आपल्या कामाचा पैशापैशाचा जमाखर्च द्यावयाचा असतो. त्या जमाखर्चाला विनियोग प्रमाणपत्र म्हणतात. ज्ञानाच्या विनियोगाचे प्रमाणपत्र मात्र कोणी मागत नाही.

हैदराबादचेच उदाहरण घेऊ, कारण ते चांगल्या कामाचे उदाहरण आहे. तेथील केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था १९८५ पासून काम करते, आणि वर उल्लेखिलेल्या ‘निक्रा’ची सूत्रे तिच्याकडेच आहेत. हा प्रकल्प निदान खेड्यात उतरला, कृषी विज्ञान केंद्रांच्या मदतीने शेतावर प्रात्यक्षिके झाली, हे त्याचे श्रेय निःसंशय आहे. याच संस्थेच्या पुढाकाराने देशातील सहाशेहून अधिक जिल्ह्यांचे आपत्कालीन पीक-आराखडे तयार झाले. पाऊस दोन आठवडे लांबला तर काय पेरावे, चार आठवडे लांबला तर काय, सहा आठवडे लांबला तर काय. मधेच उघडीप पडली तर उभे पीक कसे वाचवावे, हे सारे त्यांत जिल्हावार दिलेले आहे. याहून उपयुक्त शासकीय कागद आमच्या माहितीत थोडेच असतील. आणि हे आराखडे बहुतांशी इंग्रजीत आहेत. ते कृषी अधिकाऱ्यांसाठी आहेत, असा खुलासा यावर होतो. मग आमचा साधा प्रश्न असा की, पेरणी कोण करतो, अधिकारी की शेतकरी? मृग कोरडा गेला आणि आर्द्राही हुलकावणी देऊ लागल्या, तेव्हा घरातील उरलेल्या बियाण्याकडे पाहत जो बसतो, त्याच्यासाठीच ना हा सारा खटाटोप?

याउलट दुसरा एक आकडा पाहावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आमच्या विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना वाचता यावीत यासाठी हा पैसा. योजना उपयुक्त आहे. लहान गावातील महाविद्यालयालाही ती नियतकालिके खुली झाली, हे बरेच झाले. पण व्यवहाराकडे नीट पाहिले की त्यातील विसंगती डोळ्यांत भरते. जनतेच्या पैशाने संशोधन होते. संशोधक ते परक्या प्रकाशकाला विनामूल्य देतो. आणि मग जनतेच्याच पैशाने ते परत विकत घेतले जाते, तेही संशोधकांनीच वाचावे म्हणून. या फेऱ्यात जनता दोनदा पैसे भरते आणि एकदाही वाचत नाही.

हे केवळ दुर्लक्ष आहे असे आम्हांस वाटत असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण जेव्हा लोकांच्या भाषेत सांगा अशी स्पष्ट मागणी झाली, तेव्हा शासनव्यवस्था कशी वागली याच्या दोन नोंदी उपलब्ध आहेत. पहिली पश्चिम घाटाची. मार्च २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट नेमला. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर झाला. त्यानंतर तो मंत्रालयातच राहिला. माहितीच्या अधिकाराखाली मागणी झाली, एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने तो उघड करण्याचा आदेश दिला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि मे २०१२ मध्ये अहवाल अखेर लोकांसमोर आला. संवेदनशील क्षेत्रांच्या सीमा आणि नियम ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरवावेत, त्यासाठी अहवाल स्थानिक भाषांतून लोकांपुढे ठेवावा, हा त्या अहवालाचा गाभा होता. घडले ते उलटे. अहवाल इंग्रजीत आणि अफवा मराठीत, कन्नडमध्ये, कोकणीत आणि मल्याळममध्ये. घर बांधता येणार नाही, गाय पाळता येणार नाही, शेती सोडावी लागेल, असे सांगणारे गावोगाव फिरले. आणि मूळ कागद हातात नसल्यामुळे त्यांना कोणी प्रतिप्रश्न करू शकला नाही. पुढे कस्तुरीरंगन समिती झाली, २०१४ पासून २०२४ पर्यंत अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. त्याच्या आदल्याच दिवशी वायनाडमध्ये डोंगर खचून शेकडो माणसे गेली होती.

दुसरी नोंद २०२० ची. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा शासनाने लोकांच्या हरकतींसाठी प्रसिद्ध केला, तो इंग्रजी आणि हिंदीत. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की, आठव्या अनुसूचीतील सर्व बावीस भाषांमध्ये त्याचा अनुवाद दहा दिवसांत प्रसिद्ध करावा. केंद्र शासनाने काय केले? ते सर्वोच्च न्यायालयात गेले. एवढ्या भाषांतून प्रसिद्ध करण्याचे कायद्याने आमच्यावर बंधन नाही, हा त्याचा बचाव होता. कायद्याच्या काटेकोर अर्थाने तो बचाव कदाचित टिकेलही. पण अनुवादकांना मानधन देण्याऐवजी वकिलांना फी द्यावी असे ज्या व्यवस्थेला वाटते, तिचे मन आम्ही याहून अधिक काय उलगडून दाखवावे?

आता आमच्या म्हणण्यावर घेतले जाणारे आक्षेप पाहू. ते प्रामाणिक माणसांकडूनही घेतले जातात, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, विज्ञानाची भाषा आता जगभर इंग्रजी झाली आहे. संशोधकाने आपल्या समव्यावसायिकांसाठी लिहावे की गावासाठी? उत्तर असे की, दोहोंसाठी. मात्र एकच लेख दोनदा लिहू नये. समव्यावसायिकांना पद्धत आणि पुरावा हवा असतो, गावाला निष्कर्ष आणि त्याची मर्यादा. युरोपीय संघाच्या ‘होरायझन युरोप’ या कार्यक्रमात २०२१ ते २०२७ या काळासाठी सुमारे ९,५५० कोटी युरोंची तरतूद झाली आणि तिच्या ३५ टक्के रक्कम हवामानविषयक उद्दिष्टांसाठी असावी असे ठरले. त्या अनुदानाच्या करारातच संशोधनाचे निष्कर्ष खुले ठेवण्याचे आणि आपले काम सर्वसामान्यांना समजावून सांगण्याचे कलम आहे. तेथील सर्व काही आदर्श आहे असे आम्ही म्हणत नाही. पण जी गोष्ट तेथे कराराचे कलम होते, ती आपल्याकडे शास्त्रज्ञाच्या सौजन्यावर का सोडली जावी? आपल्याकडेही २०२२ मध्ये ‘वैज्ञानिक सामाजिक उत्तरदायित्वा’ची मार्गदर्शक तत्त्वे निघाली, शास्त्रज्ञाने वर्षातून किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत, असे त्यांत म्हटले आहे. दहा दिवस म्हणजे भाषण आणि शाळेची एक भेट. त्यात निष्कर्षांचा लेखी हिशेब येत नाही.

दुसरा आक्षेप परिभाषेचा. आमच्या भाषांत शब्दच नाहीत, असे सांगितले जाते. हे सांगणाऱ्यांनी शब्द शोधलेले नसतात, एवढाच त्याचा अर्थ. पुण्याहून ‘सृष्टिज्ञान’ १९२८ पासून निघत आले आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करीत आहे. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध केले आहेत. आणि कोशांच्याही आधी शेतकऱ्याजवळ स्वतःची परिभाषा आहे. ‘वाफसा’ हा शब्द पाहा. जमिनीत पेरण्याइतकी ओल आहे, पण चिखल नाही. पाणी आहे आणि हवाही आहे. अशी ती मोजकी अवस्था. एका शब्दात मृदाशास्त्राचा एक पाठ सामावला आहे. हवामान बदलामुळे तुमची लवचीकता किती वाढली, असे विचारणाऱ्या छापील प्रश्नावलीला शेतकरी काय उत्तर देणार? पण पूर्वीपेक्षा वाफसा आता किती दिवस टिकतो, असे विचारून पाहावे. जे उत्तर येईल ते संशोधकाच्या उपकरणाला पूरक ठरेल, कदाचित त्याला कोठे पाहावे हेही सांगेल. सांगावयाचे असे की, भाषा टाळल्याने केवळ लोकांचे नुकसान होते असे नव्हे; विज्ञानाचेही होते, कारण ऐकण्याचा मार्गही तोच असतो.

गोव्याच्या खाजन शेतीने हे सिद्ध करून दाखविले आहे. भरतीचे खारे पाणी बांधाने अडवावयाचे, मानशीच्या दारांनी आत-बाहेर सोडावयाचे, आणि समुद्रसपाटीच्या जेमतेम पातळीवर, काही ठिकाणी तर तिच्याही खाली, भात पिकवावयाचे, ही विद्या तेथील गावकऱ्यांनी शतकानुशतके सांभाळली. खारे पाणी सोसणारे ‘कोरगुट’ हे भात त्यांच्याच कणगीतले. जुन्या गोव्याजवळील एला येथील कृषी संशोधन संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी ‘गोवा धान’ या नावाने ज्या जाती दिल्या, त्यांतील पहिल्या जाती या कोरगुटातूनच निवडलेल्या आहेत. समुद्राची पातळी चढत असताना ही विद्या साऱ्या किनारपट्टीला हवी आहे. संस्थेने केले ते योग्यच केले. पण येथे ज्ञान कोठून कोठे गेले ते लक्षात घ्यावे. गावाने शास्त्राला बियाणे दिले. शास्त्राने त्याचा ताळेबंद कोकणीत किंवा मराठीत गावाला परत देणे हे उपकार नव्हेत. ती उधारी फेडणे आहे.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा आहे: आता यंत्र अनुवाद करते, तेव्हा ही मागणीच कालबाह्य. शासनानेही २०२२ पासून ‘भाषिणी’सारखा उपक्रम चालविला आहे. यंत्राची मदत अवश्य घ्यावी. पण यंत्र वाक्य फिरवून देते. गावाला कोणते वाक्य हवे आहे हे ते विचारीत नाही, आणि चुकल्यास ग्रामसभेत उभे राहून उत्तरही देत नाही. जिल्हा केंद्रे बंद करतानाही यंत्राचेच नाव पुढे करण्यात आले होते, हे विसरू नये. यंत्राच्या नावाने माणूस काढला जातो आणि यंत्राने काय सांगितले हे तपासणाराही उरत नाही.

चौथा आक्षेप पैशाचा. त्याला उत्तर द्यावयास आम्हांस दूर जावे लागत नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि वाचावयास शिकलेल्या प्रजेला वाचावयास काय द्यावे हा प्रश्नही त्यांनी स्वतःचा मानला. १९१२ मध्ये त्यांनी दोन लाख रुपये बाजूला काढले, आणि त्याच्या व्याजातून ‘श्री सयाजी साहित्यमाला’ व ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ यांची पुस्तके निघत राहिली. विज्ञान, इतिहास, आरोग्य, नीती. आणि भाषा गुजराती तशीच मराठीही. १९३१ मध्ये ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ निघाला, त्यात राज्यकारभाराच्या शब्दांना आठ भाषांतील पर्याय शोधले होते. एका संस्थानाला जे परवडले ते प्रजासत्ताकाला परवडत नाही, हे आम्ही कसे मान्य करावे?

इंदूरही या बाबतीत मागे नव्हते. १९२३ च्या कापूस उपकराच्या कायद्याने मध्यवर्ती कापूस समितीला पैसा मिळू लागला. त्या पैशातून, मध्य भारतातील संस्थानांच्या साहाय्याने आणि होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी तेथे काडीकचरा, शेण आणि माती यांपासून खत करण्याची जी रीत बसविली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. त्या दोघांचे पुस्तक १९३१ चे. हॉवर्ड शेतकऱ्याला आपला गुरू मानीत. तो काळ परकीय सत्तेचा होता, आणि त्या संशोधनाचा मूळ हेतू कापसाच्या बाजाराशी बांधलेला होता, हे आम्ही विसरत नाही. तरीही कापसाच्या गासडीवरील कर आणि शेतकऱ्याच्या उकिरड्यातील खत यांच्यातील अंतर त्या काळात फार नव्हते. आज कर देणारा आणि संशोधनाचा अहवाल यांच्यामध्ये एक परकी भाषा, एक संकेतस्थळ आणि एक वर्गणी उभी आहे.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. हवामान आणि शाश्वत विकास यांसाठी सार्वजनिक अनुदान घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाच्या रकमेतील शंभरातील दोन रुपये लोकभाषेतील निवेदनासाठी राखून ठेवावेत, आणि ते दुसऱ्या कामाकडे वळविता येऊ नयेत. ज्या जिल्ह्यात काम झाले तेथील भाषेत वीस-पंचवीस पानांचे निवेदन लिहिले जावे; काय शोधले, काय सापडले, काय सापडले नाही, आणि आता काय करावे, हे त्यात असावे. ते संबंधित ग्रामसभेत किंवा प्रभागात वाचून दाखवावे आणि तेथे विचारलेले प्रश्न अंतिम अहवालाला जोडावेत. हे झाल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये. हैदराबादच्या जिल्हावार पीक-आराखड्यांचे भाषांतर हे पहिले काम मानावे, कारण मजकूर तयारच आहे. आणि बंद पडलेली जिल्हा कृषी-हवामान केंद्रे, माणसांसह, कायमच्या पदांवर पुन्हा उभी करावीत. हवामान खात्याच्या दृष्टीने तो खर्च नगण्य आहे.

ही मागणी केवळ मराठीसाठी आहे असे कोणी समजू नये. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां लोकांना शेजारच्या भाषेचे मोल अधिक कळते. बेळगाव जिल्ह्यातील अहवाल कन्नडमध्ये निघावा आणि मराठीतही. गोव्याचा कोकणीत आणि मराठीत. बडोद्याचा गुजरातीत, हैदराबादचा तेलुगू आणि उर्दूत, इंदूर-ग्वाल्हेरचा हिंदीत. महापुराचे पाणी भाषा विचारून घरात शिरत नाही. इशाऱ्याला मात्र भाषा लागते.

आणि या कामात साहित्यसंस्थांचा वाटा कोणता? शब्द हे आपले क्षेत्र आहे, आणि येथे गरज शब्दांचीच आहे. आपल्या भागातील पाऊस, वारा, माती, भरती-ओहोटी यांचे जुने शब्द गोळा करून त्यांचा कोश करणे. शास्त्रज्ञाने लिहिलेले निवेदन वाचून कोठे अडखळते ते सांगणे. अनुवादक तयार करणे. व्याख्यानमालेतील एक पुष्प दरवर्षी जवळच्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञासाठी राखून त्यास लोकभाषेत बोलावयास लावणे, एवढे कोणत्याही शाखेला शक्य आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावल्याला आहे. इंदुरात सोयाबीनची, हैदराबादेत कोरडवाहू शेतीची संस्था आहे. ही दारे ठोठावण्यास शासनाच्या परवानगीची गरज नाही.

शासनाकडून मात्र आम्ही विनंती करीत नाही, हिशेब मागतो. रुपयाचा हिशेब मागण्याचा अधिकार जनतेने झगडून मिळविला आणि २००५ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या रुपयातून निर्माण झालेल्या ज्ञानाचा हिशेब आपल्या भाषेत मागणे ही त्याच अधिकाराची पुढची पायरी आहे. पुढील अंदाजपत्रकात हवामानासाठी नवी योजना जाहीर होईल, तेव्हा ती किती कोटींची हे अवश्य वाचावे. आणि त्यानंतर लगेच आपल्या खासदाराला एक पत्र लिहून विचारावे, की तिचा अहवाल आमच्या जिल्ह्यात कोणत्या भाषेत आणि कोणत्या तारखेला वाचून दाखविला जाणार आहे.